पोटातील गाठ : घाबरू नका, विचारा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. पण ज्या दुखण्याबद्दल आपण माजघरातही कुजबुजतो, ते आज उघड बोलावे असे मंडळाने ठरविले, म्हणून उभी आहे.

गर्भाशयाच्या दोन्ही अंगांना बदामाएवढे दोन बीजकोश असतात. दर महिन्याला तेथे बीज तयार होते. तेव्हा कधी पाण्याची लहानशी गाठ होते आणि बहुधा दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरते. काही गाठी मात्र वाढत जातात. पोट फुगते, दोन घास खाल्ले तरी भरल्यासारखे वाटते, लघवीला सारखे जावे लागते. आपण म्हणतो, वायू धरला. माझी गाठ मिरजेला सोनोग्राफीत दिसली तेव्हा १२ सेंटिमीटरची होती.

सोनोग्राफी केवळ गर्भारणीसाठी नव्हे. ग्लासगोचे डॉ. इयान डोनाल्ड यांनी या तपासणीवरचा लेख १९५८ साली प्रसिद्ध केला. त्यांच्याकडील एका बाईला असाध्य कर्करोग झाला असे ठरले होते. यंत्राने दाखविली ती बीजकोशाची मोठी गाठ. ती काढता आली.

तेव्हा गाठ म्हणजे कर्करोगच, असे नव्हे. गाठ म्हणजे गर्भाशय काढणे, असेही नव्हे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींची गर्भाशये काढल्याचा प्रश्न राज्यभर गाजला. शासनाने चौकशी समिती नेमली. आपल्या जत तालुक्यातूनही बाया तोडीला जातात. "पिशवी खराब झाली" एवढे ऐकून अंगठा उठवू नका. विचारा : गाठ पिशवीला की बीजकोशाला? केवढी? आत नुसते पाणी, की घट्ट भागही? रक्ततपासणी हवी का? गाठच निघेल, की बीजकोशही? माझा गाठीचा एक बीजकोश काढला. दुसरा व गर्भाशय जागेवर आहेत.

काही गाठींत केस नि दातही निघतात. ती करणी नव्हे. बीजपेशींपासूनच तशी गाठ बनते. अंगारेधुपारे करण्यात दिवस घालवू नयेत.

दोन गोष्टी गाठीशी बांधा. पाळी गेल्यानंतर गाठ आढळली तर तपासणी अधिक कसून करावी. आणि गाठीला पीळ पडला तर एकाएकी असह्य कळ येते, उलट्या होतात. तेव्हा ओवा-हिंग करीत सकाळची वाट पाहू नये. उशिराने बीजकोश जातो.

दवाखान्यात जाताना जुने कागद व शिधापत्रिका जवळ ठेवा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत खर्च बसतो का, हे आधीच विचारा. घरचे कोणी मोकळे नसेल तर मंडळाला सांगा. आपल्यापैकी एकजण सोबत येईलच.