अगाशीवरची तबकडी
(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



मी सरकारी नोकर. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला, पण रोजचं काम फायलींचं. तेव्हा हा घरचा अनुभव समजा.

आई दांडिया बाजारातलं जुनं घर सोडत नाही. आमचा फ्लॅट तिथून तीनशे मीटरवर. मागच्या पावसाळ्यात ती घसरून पडली आणि आम्हाला कळलं संध्याकाळी. जाड भिंतींमुळे तिच्याकडे मोबाइल धड लागत नाही. ‘माझ्या एकटीसाठी वेगळं इंटरनेट नको,’ हा तिचा हुकूम. अगाशीवर टीव्हीची ६० सेंटिमीटरची जुनी तबकडी पडून होती.

तबकडी म्हणजे नुसता आरसा. दांडीवरचा एलएनबी फक्त ऐकतो, तेही ११-१२ गिगाहर्ट्झच्या आसपास. आपलं वाय-फाय २.४ वर. म्हणून एलएनबी काढला आणि त्याच्या तोंडाच्या जागी यूएसबी वाय-फाय अडॅप्टर बसवला. वर श्रीखंडाचा रिकामा प्लास्टिकचा डबा. धातूचा चालत नाही. यूएसबीची वायर पाच मीटरच्या आत ठेवली. आईची खोली अगाशीला लागूनच, तिथे जुना लॅपटॉप. फ्लॅटच्या खिडकीत आमचा नेहमीचा राउटर.

दोन रविवार काहीच लागेना. चूक माझी. ही तबकडी तोंडासमोर बघत नाही, वीसेक अंश वर बघते. मी ती सरळ फ्लॅटकडे रोखली होती, म्हणजे ती आभाळ न्याहाळत होती! नमस्कार केल्यासारखी पुढे वाकवली, आणि सिग्नल आला.

एक सावधगिरी. एवढी तबकडी २.४ वर शक्ती एका दिशेला साधारण शंभरपट एकवटते. अडॅप्टर १०० मिलिवॅटचा असेल तर परिणाम १० वॅटचा. विनापरवाना मर्यादा ४ वॅटची. म्हणून सेटिंगमध्ये शक्ती ३० मिलिवॅटवर आणली. काही बिघडलं नाही, कारण राउटरचा क्षीण आवाजही तबकडी तितक्याच पटीनं गोळा करते. मोठ्यानं ओरडण्यापेक्षा नीट कान देणं बरं, हे मी तिच्याकडून शिकलो.

उत्तरायणात मांजा अडकून तबकडी फिरली, तेव्हा आईनंच निरोप धाडला, ‘तुझा आरसा वाकडा झालाय.’

आता रोज सकाळी सातला तिचा चहा आणि आमचा चहा समोरासमोर होतो. कुणाच्या अगाशीवर अशी तबकडी गंजत असेल तर भंगारात देऊ नका, मला हाक मारा.

गणपती बाप्पा मोरया!