वसंतातील बाग आणि उतारवयातील आरोग्य

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिल्ली येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्याख्यानमालेत मला बोलावयास सांगून कार्यकारिणीने थोडे धाडसच केले आहे. मी वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे आणि वैद्यही नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलो आणि फायलींच्या समासात टिपणे लिहिता लिहिता पन्नाशी कधी ओलांडली ते कळले नाही. साठाव्या वर्षी सरकार आपल्याला सन्मानाने घरी पाठविते, तो दिवस मला आता दिसू लागला आहे. तेव्हा या विषयावरील माझा अधिकार एवढाच, की म्हातारपण मी घरात जवळून पाहिले आहे, माझे स्वतःचे दाराशी येऊन ठेपले आहे, आणि या दोहोंच्या मध्ये थोडी माती उकरली आहे.

प्रथम वसंताविषयी. आपण महाराष्ट्रातून येताना जे पंचांग बरोबर आणले, त्यात वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. मोगरा, कैरीची डाळ, पन्हे आणि हळदीकुंकू हे त्याचे आपल्या मनातील रूप. दिल्लीचा वसंत मात्र या हिशेबाला जुमानत नाही. तो वसंतपंचमीच्या सुमारास येतो आणि पाडव्याची गुढी उतरते न उतरते तोच निघून जातो. वैशाखात येथे लू वाहू लागते. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या अखेरीपर्यंत, म्हणजे जेमतेम सहा आठवडे, ही नगरी माणसाला बाहेर बोलाविते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली पिटुनिया, पॅन्झी, फ्लॉक्स, कॅलेंड्युला याच दिवसांत बहरतात. ऑक्टोबरात छाटलेला गुलाब पुन्हा भरून येतो. रस्त्याकडेची सावर पाने टाकून लाल फुलांनी पेटते. राष्ट्रपती भवनाचे उद्यान, जे २०२३ च्या जानेवारीपर्यंत मुघल उद्यान म्हणून ओळखले जाई आणि आता अमृत उद्यान म्हटले जाते, तेही याच सुमारास लोकांसाठी उघडते. येथे राहणाऱ्या वृद्धांना नोव्हेंबर ते जानेवारी धुरकट हवेमुळे आणि थंडीमुळे घरात कोंडून घ्यावे लागते. मेपासून पुन्हा उन्हामुळे कोंडून घ्यावे लागते. त्यांच्या दृष्टीने हे सहा आठवडे म्हणजे वर्षातील कमाईचा हंगामच होय.

आता मुद्द्याकडे येतो. तो मला पुस्तकातून कळला नाही, माझ्या वडिलांकडून कळला.

सुमारे बारा वर्षांपूर्वी आई गेली आणि नानांना मी कोकणातून दिल्लीस आणले. ते पंचाहत्तर वर्षांचे होते. आयुष्य प्राथमिक शाळेत आणि उरलेला वेळ परसात गेलेला. आले तेव्हा मार्गशीर्ष चालू होता. सकाळी दहापर्यंत धुके, संध्याकाळी साडेपाचला अंधार. मी त्यांना उबदार कपडे घेतले, हीटर घेतला, मराठी वाहिनी लावून दिली आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात कचेरीत जाऊ लागलो. नाना दिवसभर खाटेवर बसून असत. जेवण कमी झाले, झोप उडाली, बोलणे तर जवळजवळ थांबले. एकदा सौभाग्यवतीला म्हणाले, "सूनबाई, मला एखादे काम सांगत जा. नुसते बसून जेवायची सवय नाही." आम्ही ते हसण्यावारी नेले. वडीलधाऱ्या माणसाला काम कसले सांगायचे?

आमचे सरकारी निवासस्थान तेव्हा तळमजल्यावर होते आणि मागे पाच-सहा वाफ्यांपुरती जागा होती. माघात एके दिवशी मी घरी आलो तो नाना तेथे खुरपे घेऊन बसलेले. ती माती पाहून ते जरा नाराजच झाले होते. लाल नाही, जांभा नाही, यमुनेच्या गाळाची भुरकट माती. "पण हिच्यात दगड नाही," असे शेवटी त्यांनी प्रशस्तिपत्र दिले. त्या वर्षी त्यांनी भेंडी, दोडका आणि पडवळ लावले. स्वयंपाकघराच्या मोरीचे पाणी जेथे वाहून जाई तेथे गावाहून मागविलेले अळूचे कंद लावले. एप्रिलात भेंडी सुरू झाली. शेजारच्या सरदारजींना भेंडी गेली, त्यांच्याकडून लोणच्याची बरणी आली. नानांना हिंदी धड येत नव्हते आणि सरदारजींना मराठी मुळीच नाही, पण कारल्याच्या मांडवाविषयी ते दोघे तासन् तास बोलत. नानांची झोप परतली. रक्तदाब मोजणारे डॉक्टरही समाधानी दिसले.

दुसऱ्या वर्षी फाल्गुनात, दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन जाताना नाना ओल्या फरशीवर घसरले. उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर. मी घाबरलो, आणि घाबरलेल्या माणसाला जे पहिले सुचते तेच केले. बंदी घातली. खुरपे, कुदळ, झारी माळ्यावर टाकली. वाफ्यांकडे बघायला एक माळी ठेवला. मुलाची काळजी म्हणून सर्वांनी माझे कौतुक केले.

हाड सांधले, पण माणूस खचला. नाना पुन्हा खाटेवर बसू लागले. मांड्या बारीक झाल्या, तोल जाऊ लागला, स्नानगृहापर्यंत जाताना भिंत धरावी लागू लागली. मी ज्या पडण्याला भ्यालो होतो, त्याचीच तयारी मी घरात करीत होतो. एका रात्री त्यांनी शांतपणे सांगितले, "शाळेने मला एकदा पेन्शनीत काढले. तू दुसऱ्यांदा काढलेस." मला उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही.

सभाजनहो, वैद्यक हेच सांगते. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात आणि न वापरल्यास ते फार वेगाने घटतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार पासष्ट वर्षांवरील व्यक्तींनीही आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि पडणे टाळण्यासाठी आठवड्यातून तीन दिवस तोल व शक्ती वाढविणारे व्यायाम करावेत. वाकणे, उठणे, मूठ आवळून माती फोडणे, झारी उचलणे, वाफ्यावरून पाय टाकणे, हे सारे त्यातच येते. फरक इतकाच, की व्यायाम आपण उद्यावर ढकलू शकतो. तहानलेले रोप ढकलू देत नाही.

तेव्हा मी बंदी उठविली आणि बाग बदलली. काय केले ते सविस्तर सांगतो, कारण घरोघरी ते उपयोगी पडेल.

बादली बंद करून नळाला पाइप लावला. वाटेवरील शेवाळ खरवडून खडबडीत विटा बसविल्या. दोन वाफे विटांनी गुडघ्याच्या वर उंच केले, म्हणजे स्टुलावर बसून काम होई. कुंड्या लोखंडी तिवईवर ठेविल्या. बारा इंची कुंडी ओल्या मातीसह वीस किलोंच्या आसपास भरते. ती उचलणे साठीनंतरच्या कमरेचे काम नव्हे, तो मान घरातील तरुणांना द्यावा. बसलेले असता एकदम उठू नये. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना उठताच भोवळ येऊ शकते. आधी मान वर करावी, क्षणभर थांबावे, मग आधार धरून उभे राहावे. मधुमेह्यांनी अनवाणी मातीत जाऊ नये. पायांची संवेदना कमी झालेली असली तर काटा रुतलेला कळतही नाही. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, म्हणून दहा वर्षांनी घ्यावयाची लस चुकवू नये. वय वाढले की तहान कमी लागते, यास्तव तहानेची वाट न पाहता पाणी प्यावे. मार्चअखेर काम सकाळी आठच्या आत आटपावे. कुंड्यांखालील बशा आठवड्यातून एकदा कोरड्या कराव्यात, नाहीतर आपण डेंग्यूचे डास पाळू.

आणखी एक सूचना दम्याच्या मंडळींना. फेब्रुवारी-मार्चमध्ये येथील हवेत परागकण फार असतात. आपल्याकडे ज्याला वावळ आणि येथे ज्याला पापडी म्हणतात, त्या झाडाचे पराग अनेकांना बाधतात. अशांनी नाकातोंडावर रुमाल बांधावा, घरात येताच हात-तोंड धुवावे आणि औषध आपल्या मनाने बंद करू नये.

लागवडीचे थोडक्यात सांगतो. मोगऱ्याची छाटणी जानेवारीच्या अखेरीस करून शेणखत द्यावे. एप्रिलपासून तो ओंजळी भरून देतो. दिल्लीच्या थंडीत तुळस बहुधा जळते. त्याचे वाईट वाटून घेऊ नये, मंजिऱ्यांचे बी राखून फेब्रुवारीअखेर नवी रोपे करावीत. भेंडीचे बी रात्रभर आणि कारल्याचे एक दिवस भिजवून, थंडी ओसरली की पेरावे. दुधी, दोडका, काकडी यांचाही हाच काळ. हिवाळ्यात निजलेला कढीलिंब मार्चमध्ये नवी पाने काढतो, तेव्हा त्याला खत द्यावे. अळूला अर्धी सावली आणि पुष्कळ पाणी द्यावे, आणि शिजविताना चिंच विसरू नये, हे भगिनींना मी सांगणे म्हणजे आगाऊपणा होईल. कडुनिंबाचे मात्र आपल्याला काहीच करावे लागत नाही. मार्चमध्ये तो जुनी पाने झाडून तांबूस कोवळी पालवी काढतो, अगदी पाडव्याच्या नैवेद्याला वेळेवर. या परक्या मुलखात आपले पंचांग पाळणारे हे एकच झाड असावे.

पण बागेचा उपयोग स्नायू आणि भाजी एवढाच नव्हे. आपण सारे बदलीची माणसे आहोत. घर सरकारचे, भिंती सरकारच्या, रंगदेखील सरकारी. अशा घरी झाड कोणासाठी लावायचे, असे आपण म्हणतो आणि दोन प्लास्टिकच्या कुंड्यांवर भागवितो. आपल्याबरोबर आलेले आईवडील तर दुहेरी पाहुणे. गाव सुटलेले, भाषा सुटलेली, काम सुटलेले. आपण त्यांना औषधे देतो, शाल देतो, मानाची खुर्ची देतो. परंतु त्यांच्यावाचून अडेल असे घरात काहीएक ठेवीत नाही. कुणावाचून तरी काही अडणे, ही म्हातारपणाची मोठी गरज आहे असे मला वाटते.

नाना वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी गेले. शेवटच्या आठवड्यापर्यंत खिडकीतून पाणी कुठे कमी पडते आहे ते सांगत होते. त्यानंतर आम्हांस वरच्या श्रेणीचे निवासस्थान मिळाले, तिसऱ्या मजल्यावर. तळमजला सोडताना मी अळूचे कंद खणून काढले आणि मंडळाच्या संक्रांतीच्या मेळाव्यात पिशव्या भरून वाटले. आज या सभागृहात बसलेल्या निदान दहा-बारा घरांत ते अळू आहे, हे मला ठाऊक आहे, कारण श्रावणात त्याच्या वड्या माझ्याकडे येतात. नानांना दिल्लीत कोणी ओळखत नव्हते असे आता मला म्हणता येत नाही.

तिसऱ्या मजल्यावर मातीची जमीन नाही, तरी दक्षिणेकडचा सज्जा आहे. तेथे आठ कुंड्या आहेत, त्यांतील एकीत तेच अळू. माझेही गुडघे आता कुरकुरतात, म्हणून त्याही कंबरेच्या उंचीवर ठेविल्या आहेत. निवृत्तीनंतर कोठे राहणार हे ठरलेले नाही, पण कंद पिशवीत मावतात एवढे ठरले आहे.

शेवटी मंडळाला एक विनंती. पन्नास वर्षे आपण गणेशोत्सव, नाटके आणि वाचनालय चालविले. आता दर वर्षी वसंतपंचमीस बियांची आणि रोपांची देवघेव सुरू करावी. टेबलाशी कार्यकर्त्यांनी नव्हे, तर सत्तरी ओलांडलेल्या सभासदांनी बसावे आणि मुलांना बी कसे भिजवायचे ते त्यांनीच मराठीतून सांगावे. खर्च जवळजवळ काहीच नाही. आणि ज्या घरात कोणी वडीलधारे खाटेवर गप्प बसले असतील, त्या घरच्या मंडळींनी आज जाताना एक खुरपे विकत घ्यावे, आणि माळ्यावर टाकू नये, एवढीच हात जोडून प्रार्थना.