पंढरपूरचा चितारी आणि मुंबई बेट
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या सभेंत धर्मगुरूनें एका मुसलमान चित्रकाराविषयीं बोलावें, याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु आपल्या सभागृहाच्या मोकळ्या भिंतीवर मदर तेरेसांच्या एका चित्राची छापील प्रत लावावी, अशी तरुण मंडळींची सूचना आहे. चित्र मकबूल फिदा हुसेन यांचें, आणि त्यांत मदर तेरेसांस मुखच नाहीं! जिला ख्रिस्तसभेनें २०१६ सालीं संतपद दिलें तिला तोंड नसावें, हा काय प्रकार, असा वडीलधाऱ्यांचा आक्षेप आहे. तो हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हे.

हुसेन आपल्याच जिल्ह्याचे. १९१५ सालीं पंढरपुरांत त्यांचा जन्म झाला. मूल दीड वर्षांचें असेल नसेल, तोंच आई वारली. तिचें एकही छायाचित्र मागें उरलें नाहीं. आईचा चेहरा आपणांस आठवत नाहीं, ही खंत ते म्हातारपणापर्यंत बोलून दाखवीत. वडिलांनीं पुढें इंदुरास बिऱ्हाड केलें, आणि तेथून १९३०च्या दशकांत हा तरुण मुंबईस आला.

मुंबई म्हणजे मुळांत सात बेटें. १६६१ सालीं पोर्तुगालच्या राजकन्येच्या आंदणांत तीं इंग्रजांच्या राजाकडे गेलीं. पुढें मधल्या खाड्या बुजवून त्यांचें एक शहर झालें. तेथें बहुतेक माणूस बाहेरून आलेला, म्हणून परका असा कोणीच नाहीं. माहीमच्या आपल्या सेंट मायकल देवळांत बुधवारच्या नोव्हेनेला मेणबत्त्या लावणाऱ्यांत हिंदु, मुसलमान, पारशी सारेच असतात. अशा शहरानें हुसेनला प्रथम काय दिलें? सिनेमाच्या जाहिरातींचे भले मोठे फलक, आणि चौरस फुटाला कांहीं आणे मजुरी. चित्रपट उतरला कीं फलकही पुसला जाई. परंतु रस्त्यापलीकडून ओळखूं यावी अशी ठळक रेघ आणि सपाट, भडक रंग हें शिक्षण त्या फलकांनींच दिलें. कलाशाळेंत तें मिळालें नसतें, असें माझें मत आहे.

१९४७ सालीं फ्रान्सिस न्यूटन सूझा यांनीं प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला व त्यांत हुसेनला घेतलें. रझा मध्य प्रांताचे. आरा एके काळीं घरगडी होते. गाडे, बाकरे हे आणखी दोघे. हिटलरच्या छळामुळें ऑस्ट्रियांतून पळून आलेल्या लँगहॅमर व श्लेसिंजर यांनीं या पोरांना आसरा दिला, त्यांचीं चित्रें विकत घेतलीं. सूझा तर आपल्यांतले, गोव्यांतील साळगांवचे. देवीच्या आजारांतून वांचले म्हणून आईनें संत फ्रान्सिस झेवियरचें नांव ठेवलें, आणि कपडे शिवून मुलाला वाढविलें. त्याच मुलानें पुढें ख्रिस्ताची वेदना इतकी कठोर रंगविली, धर्मगुरूंस इतकें क्रूर दाखविलें, कीं पाहवत नाहीं. माझ्यासारख्यास तें बोचतें. तरीही तो राग आपल्याच घरांतला आहे, हें विसरतां येत नाहीं.

आणि पंढरपूरच्या मुसलमानानें १९८०च्या सुमारास मदर तेरेसा रंगवावयास घेतली ती अत्यंत मायेनें. पांढरी साडी, निळे कांठ, मांडीवर मूल किंवा मरणोन्मुख मनुष्य, आणि पदराच्या आंत नुसता काळोख. मायकेलअँजेलोच्या 'पिएता'ची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. ज्याला आपल्या आईचा चेहरा ठाऊक नाहीं त्यानें आईचा चेहरा कोठून आणावा? कल्पनेनें एखादें गोड मुख रेखाटणें त्याला सोपें होतें. तें त्यानें टाळलें, यांत मला अवमान दिसत नाहीं, प्रामाणिकपणा दिसतो. आपणां विणकरांच्या गांवकऱ्यांस आणखी एक गोष्ट सांगतों: त्या धर्मभगिनींच्या साड्या बंगालमध्यें टिटागढ येथें कुष्ठरोगी विणतात. मुख नसतांही केवळ कांठांवरून संत ओळखूं येते. अशी ओळख त्या मागावर तयार झाली.

दुसरा आक्षेप हुसेन यांच्या हिंदु देवतांच्या चित्रांवरून आहे. १९९६ सालापासून त्यांवर गदारोळ झाला, खटले झाले. २००६ सालीं वयाच्या नव्वदीं त्यांनीं देश सोडला. २००८ सालीं दिल्लीच्या उच्च न्यायालयानें खटले रद्द केले, तरी ते परतले नाहींत. २०१० सालीं कतारचें नागरिकत्व घेतलें आणि ९ जून २०११ रोजीं लंडनमध्यें वारले. ज्या भाविकांचें मन दुखावलें त्यांचें दुःख मी खोटें म्हणत नाहीं. सूझांचीं चित्रें पाहून आपलेंही दुखतें. परंतु म्हाताऱ्या माणसाला परदेशांत मरावें लागावें, ही त्या दुःखाची भरपाई होऊं शकत नाहीं.

चित्र लावावें, असें माझें मत आहे. देवळांत नव्हे, वेदीजवळ मुखासह मूर्तीच हवी, कारण तेथें लोक तिच्याकडे पाहून प्रार्थना करतात. सभागृहांत मात्र लावावें, आणि खालीं चित्रकाराचें नांव व जन्मगांव मराठींत लिहावें. निर्णय रविवारच्या मिस्सेनंतर आपण सर्वांनीं मिळून करावयाचा आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनीं अवश्य यावें.