विकत घेतलेली वस्तू आपलीशी कशी होते?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कारखान्यातून तयार होऊन आलेल्या वस्तूत आपल्या गरजेप्रमाणे स्वहस्ते फेरफार करणे, हा आजचा आमचा विषय आहे. आपल्या छत्रपती संभाजीनगरात चिकलठाणा व वाळूज येथील कारखान्यांत ज्ञातीतील कित्येक तरुण नोकरीस आहेत. तथापि घरचा पंखा कुरकुरू लागला, तर तो उघडून पाहावा असे त्यांतील किती जणांस वाटते? पक्कड हाती धरणे म्हणजे शिकलेल्या माणसाला कमीपणा, ही समजूत आपल्यात अजून घर करून आहे.

पूर्वीच्या गृहिणींना हा कमीपणा ठाऊक नव्हता. गोडेतेलाचा रिकामा डबा त्या टाकून देत नसत. त्याला झाकण व कडी बसवून घेतली की धान्याचा डबा तयार होई. वस्तू कारखान्याची, परंतु तिचा उपयोग घरधनिणीने ठरविलेला!

जवळचेच एक उदाहरण घेऊ. अजिंठ्याचा घाट उतरून पलीकडे गेले की जळगाव जिल्ह्यात शेंदुर्णी हे गाव लागते. तेथील शेतकरी श्री. गोपाळ मल्हारी भिसे यांना बैलजोडी परवडण्यासारखी नव्हती. त्यांनी सायकलचा पुढचा भाग, म्हणजे चाक व हँडल, घेऊन त्याला कोळप्याचे अवजार जोडले. भार चाकावर येतो, मनुष्य केवळ मागून ढकलतो आणि पात्याने तण कापले जाते. दोन ओळींतील अरुंद जागेतही ते चालते. या 'कृषिराजा'ची दखल राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने घेतली. सायकल बनविणाऱ्याच्या स्वप्नातही नसलेली गोष्ट गरजवंताच्या दृष्टीस पडली, हे यातील मर्म होय.

मोठे उद्योगही अशाच हातांतून उभे राहिले. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिक्षक होते. १८८८ साली बेळगावी सायकलींच्या दुकानापासून किर्लोस्कर बंधूंचा व्यवसाय सुरू झाला. पुढे लक्ष्मणराव लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे आरंभी ते खपेनात. तरी त्यांनी धीर सोडला नाही. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. शिक्षकाने हत्यार हाती घेतले म्हणून त्याची प्रतिष्ठा कमी झाली, असे कोण म्हणेल?

अर्थात फेरफाराला विवेकाची मर्यादा हवी. मोटारसायकलचा सायलेन्सर बदलून गल्लीतील आजाऱ्यांची झोप उडविणे, ही कारागिरी नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने वाहनातील मनमानी बदलांस बंदी घातली आहे, ती योग्यच आहे. विजेच्या उपकरणाशीही अज्ञानाने खेळू नये. ज्या बदलाने दुसऱ्याच्या जिवाला धोका नाही, त्याचीच आम्ही तरफदारी करतो.

उलटपक्षी, वस्तू उघडताच येऊ नये अशीही व्यवस्था हल्ली दिसते. पुष्कळशा मोबाईलची बॅटरी आतच चिकटविलेली असते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर संकेतस्थळ सुरू केले, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु हक्क मिळाला तरी तो बजावणारा हात नको काय? जो वस्तू उघडून पाहतो, त्यालाच ती कशी चालते हे कळते. जो पाहत नाही, तो पैसे देऊनही परावलंबीच राहतो.

म्हणून मंडळास आमची एक नम्र सूचना आहे. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात पुस्तकांच्या कपाटाशेजारी एक हत्यारांचे कपाट असावे : पक्कड, पाने, कानस, करवत. रविवारी एखाद्या अनुभवी बांधवाने मुला-मुलींना मोडक्या वस्तू समोर ठेवून शिकवावे. खर्च थोडा आहे. परीक्षेत पहिले आलेल्यांना आपण बक्षिसे देतोच. पुढील वर्षी एक बक्षीस जुन्या वस्तूला नवे रूप देणाऱ्यालाही द्यावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.