परदेशी घर बघताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. चारचौघींत उभे राहून बोलण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग. कार्यवाहबाई म्हणाल्या, "तुमची मुलगी फिनलंडात असते, तिकडचे काही सांगा." मी तो देश पाहिलेला नाही. परंतु तेथे घर कोणते घ्यावे याचा सल्ला मी शेगावात बसून दिला, आणि तो चुकला. ती चूक सांगितली तर कोणाच्या तरी लेकीच्या उपयोगी पडेल, एवढ्यासाठीच उभी राहिले आहे.

माझी आजी, मुलीला स्थळ आले की पहिल्यांदा विचारी, "गावची विहीर गोडी का खारी?" आपला हा मुलूख खारपाणपट्ट्याचा. घर माडीचे असले आणि गोडे पाणी कोसभर लांब असले, तर पोरीचा जन्म घागरी वाहण्यात जायचा. शेतीवाडी, दागदागिना हे सारे आजीच्या लेखी नंतरचे. ती शाळेत गेली नव्हती, पण घर म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत हे तिला पक्के ठाऊक होते. मी सात यत्ता शिकून ते विसरले.

जावयांना हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पो शहरात नोकरी लागली. भाड्याची दोन घरे पसंतीस आली. एक लहान, एक खोली आणि स्वयंपाकघर, पण मेट्रोच्या स्टेशनाजवळ. दुसरे त्याच भाड्यात दोन खोल्यांचे, ऐसपैस, पण गावाच्या कडेला रानाजवळ. बस अर्ध्या तासाने. मुलीचा फोन आला. मी लगेच म्हटले, "मोठेच घ्या. उद्या आम्ही आलो तर निजायचे कोठे?" पोरीने आईचे ऐकले.

ऑगस्टात ती राहायला गेली तेव्हा सगळे हिरवेगार, रात्री उशिरापर्यंत उजेड. मला वाटले, लेक सुखात पडली. मी स्वेटर विणून पाठवले. ते घरात लागलेच नाहीत. तिकडे एका ठिकाणी पाणी तापवून नळांनी साऱ्या वस्तीला ऊब पुरवतात, त्यामुळे घरात साधे कपडे चालतात. म्हणजे ज्या थंडीला मी भीत होते ती दाराबाहेरच राहिली. घरात शिरला तो अंधार.

आपल्याकडे ऐन पौषातही दिवस अकरा तासांच्या आसपास असतो. हेलसिंकीला डिसेंबरात तो सहा तासही भरत नाही. आणखी वर औलू म्हणून शहर आहे, तेथे साडेतीन तास. आणि अगदी उत्तरेच्या टोकाला उत्सयोकीकडे सुमारे ५० दिवस सूर्य उगवतच नाही. जूनमध्ये उलट, हेलसिंकीचाच दिवस जवळजवळ १९ तासांचा.

जावई अंधारात कामावर जात आणि अंधारातच परत येत. लेक एकटी. इकडे माझी सांजवात होऊन पोळ्या चाललेल्या असत, तिच्याकडे दुपारचे चार वाजलेले, आणि खिडकीत काळोख. एक दिवस फोनवर तिचा चेहरा पाहिला. केस विंचरलेले नव्हते. म्हणाली, "आई, आज मंगळवार ना? शनिवारपासून मी यांच्याशिवाय कोणाशी बोललेले नाही." माझ्या हातातली पोळी तव्यावरच करपली.

मी म्हटले, "घर सोडा." पण करार एका वर्षाच्या ठराविक मुदतीचा होता. तिकडच्या कायद्याने बिनमुदतीचा करार असेल तर भाडेकरूने एक महिना आधी कळवले की पुरते. मुदतीचा असेल तर ती मुदत भरावी लागते. अनामतही तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही. हे आधी विचारले असते तर! घरमालकाची काहीच चूक नव्हती. सही आमची, सल्ला माझा. तो सबंध हिवाळा पोरीने त्या ऐसपैस घरात काढला, आणि आम्ही काही निजायला गेलो नाही.

भगिनींनो, आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. तेथे त्यांना राहायला मिळालेल्या खोलीतली शेगडी धूर ओकी. पेटवावी तर धूर, न पेटवावी तर थंडी. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, अवघ्या २१ व्या वर्षी, त्या पुण्यास क्षयाने गेल्या. सारे त्या खोलीने झाले असे कोणी म्हणू नये. पण परमुलखात खोली ही लहानसहान गोष्ट नव्हे, एवढे त्यातून घ्यावे.

मुदत सरल्यावर मुलीने स्टेशनाजवळचे लहान घर घेतले. पाच मिनिटांवर वाचनालय, तेथे फुकट बसता येते. ती फिनी भाषेच्या वर्गाला जाते. तिथल्या बायकांशी ओळखी झाल्या. आता तिला दिवस आहेत. गरोदर बायकांना आणि तान्ह्या मुलांना तपासणारे सरकारी केंद्र, त्याला तिकडे नेउवोला म्हणतात, तेही जवळच आहे आणि पैसे पडत नाहीत. हिवाळा तोच, अंधार तोच. पण दाराबाहेर पाऊल टाकले की माणूस दिसते.

तेव्हा कोणाची लेक-सून परदेशी निघाली, तर खोल्या किती हे शेवटी विचारा. आधी विचारा: घरी राहणारी बाई एकटीने, पायी, अंधारात कोठे कोठे जाऊ शकेल? गाडी किती वेळाने? दवाखाना, शाळा, वाचनालय किती लांब? आपली भाषा बोलणारे कोणी जवळ आहे का? आणि करार कसला? शक्य असेल तर पहिले घर थोड्या दिवसांचे घ्या, एक हिवाळा बघा, मग पक्के करा. आणि दुरून सल्ला देणाऱ्या आयांनो, आपल्या निजण्याची सोय त्यात धरू नका.

बाळंतपणाला मी जाणार आहे. मुलगी म्हणते, "आई, जमिनीवर निजावे लागेल." मी म्हटले, "निजेन."