मोजमापाची तपस्विनी : अन्ना मणी

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



२८ फेब्रुवारी १९२८ या दिवशी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपला जगद्विख्यात शोध लावला. म्हणून आपण हा विज्ञान दिन साजरा करतो. त्याच रामन यांच्या हाताखाली घडलेल्या एका विदुषीचे चरित्र आज आपणांसमोर ठेवावयाचे आहे.

अन्ना मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्रावणकोर संस्थानातील पीरमेड या डोंगराळ गावी झाला. वडील स्थापत्य अभियंते, घरचे वेलदोड्यांचे मळे. आठ भावंडांत त्या सातव्या. मुलांनी शिकून नाव काढावे व मुलींनी लग्न करून सासरी जावे, हीच त्या घराची रीत. आठव्या वाढदिवशी प्रथेप्रमाणे हिऱ्यांची कर्णभूषणे पुढे आली, तेव्हा या मुलीने ती नाकारून विश्वकोश मागितला! पुढे गांधीजींच्या प्रभावाने तिने खादी अंगीकारली.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून १९३९ साली पदवी घेऊन, १९४० मध्ये शिष्यवृत्तीवर त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. नियतीचे कौतुक असे, की हिरे कानांत घालण्यास नकार देणारी ही मुलगी तेथे हिऱ्यांच्या वर्णपटाचा अभ्यास करू लागली. एकेका छायाचित्रासाठी १५ ते २० तास लागत. कित्येक रात्री प्रयोगशाळेतच सरत. पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले. १९४५ साली प्रबंध सादर केला, परंतु एम.एस्सी. नाही, या कारणास्तव मद्रास विद्यापीठाने डॉक्टरेट नाकारली.

त्या खचल्या नाहीत. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात त्यांनी हवामानशास्त्रीय उपकरणांचे शिक्षण घेतले आणि १९४८ साली स्वतंत्र भारतात परतून पुण्याच्या वेधशाळेत त्या रुजू झाल्या. तोवर साधी उपकरणेही परदेशातून आणावी लागत. अन्ना मणी यांनी सुमारे १०० उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती येथेच घडविण्याचा मार्ग खुला केला. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात त्यांनी देशभर सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले. ओझोन मोजण्याचे स्वदेशी उपकरण सिद्ध केले. १९६३ साली विक्रम साराभाईंच्या विनंतीवरून थुंबा येथे हवामान वेधशाळा स्थापिली. १९७६ मध्ये हवामान खात्याच्या उपमहासंचालकपदावरून त्या निवृत्त झाल्या. १९८० मध्ये भारतातील सौर प्रारणाच्या आकडेवारीचे हस्तपुस्तक त्यांनी देशाच्या हाती दिले.

हे काम डोळे दिपविणारे नव्हे. परंतु उपकरण चुकले तर नोंद चुकते, नोंद चुकली तर अनुमान चुकते, आणि त्या अनुमानावर विसंबून पेरणी करणारा शेतकरी बुडतो. म्हणून अचूक मोजमाप ही त्यांच्या दृष्टीने साधना होती. स्वदेशी म्हणजे केवळ घोषणा नव्हे; परदेशी उपकरणाच्या तोडीची अचूकता येथे, आपल्या हातांनी साधणे म्हणजे स्वदेशी.

१६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. डॉक्टरेटवाचून त्यांचे काही अडले नाही. मात्र त्या दिवशी घराने विश्वकोशाचा हट्ट पुरविला नसता, तर देशाचे किती अडले असते? आपल्या घरातील मुलगी उद्या काय मागते, ते लक्ष देऊन ऐका, एवढीच विनंती.