‘पुढे बघू’ची हुंडी
(सुवर्ण महोत्सवी समारंभातील भाषण)



माझ्यासारख्या कापडाच्या व्यापाऱ्याला संयोजकांनी बोलायला उभे केले, हा त्यांचा लोभ. मी विद्वान नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि चाळीस वर्षे दुकानाच्या गादीवर बसलेला माणूस. तेव्हा व्यापाऱ्याच्या भाषेतच बोलतो. आपल्या वाडवडिलांच्या काळी हुंडीचे दोन मुख्य प्रकार असत. दर्शनी हुंडी दाखविताच पैसे मोजावे लागत. मुदती हुंडीवर मुदत लिहिलेली असे, ती भरली की रक्कम हाती येई. ‘सवडीने देऊ’ अशी बिनमुदतीची हुंडी कोणी पेढीवर आणली असती, तर मुनीमजींनी तिला हातसुद्धा लावला नसता. आपण मात्र स्वतःच्या मनाला तसलीच हुंडी वर्षानुवर्षे लिहून देत असतो. मुलांची लग्ने झाली की गाणे शिकू, दुकान मुलाच्या हाती गेले की प्रवास करू, जरा स्थिरस्थावर झाले की लिहायला बसू. श्रवणबेळगोळला भगवान बाहुबलींचा महामस्तकाभिषेक १९९३, २००६ आणि २०१८ साली झाला. ‘यंदा सीझन आहे, पुढच्या वेळी नक्की जाऊ’ असे ज्याने म्हटले, त्याने एका वाक्यात बारा-तेरा वर्षे खर्ची टाकली.

या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या कोल्हापुरातच आहे. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभावरून आपण येता-जाता जातो. बाबूराव पेंटर हे नाव सर्वांना ठाऊक आहे. आनंदराव पेंटर हे नाव मात्र तरुणांपैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. दोघे नात्याने भाऊ, मूळ आडनाव मेस्त्री. बाबूरावांचा जन्म १८९० चा. चित्रकला त्यांनी आपली आपणच आत्मसात केली होती. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविणे हा दोघांचा व्यवसाय आणि त्यात त्यांचा लौकिकही मोठा. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला, आणि आजवर पडद्यावर स्थिर चित्रे रंगविणाऱ्या या भावांना हलत्या चित्रांची ओढ लागली.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहा. गाठीला भांडवल नाही, यंत्र नाही, शिकविणारा गुरू नाही. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि विलायती यंत्र मिळणे आणखीच दुरापास्त झाले. ‘लढाई संपू दे, मग बघू’ म्हणायला यापेक्षा सबळ कारण कोणते हवे होते? त्यांनी तसे म्हटले नाही. मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर आणला, चित्रपट दाखविण्याचा उद्योग सुरू केला आणि त्याच यंत्राचा अभ्यास करीत, त्यातून चित्रे टिपणारा कॅमेरा कसा घडविता येईल या खटपटीला लागले. पोटापाण्याचा व्यवसाय त्यांनी सोडला नव्हता, हे मला फार महत्त्वाचे वाटते. सर्व सोडून स्वप्नामागे धावा, असे सांगणारी पुस्तके हल्ली पुष्कळ निघतात. ती लिहिणाऱ्यांवर महिनाअखेरीस नोकरांचे पगार करण्याची पाळी आली नसावी.

१९१६ साली आनंदराव वारले. कॅमेरा पुरा झालेला नव्हता.

त्या वेळी बाबूरावांचे वय पंचवीस-सव्वीस. काम थांबविले असते तरी कोणी नाव ठेवले नसते. पण त्यांनी शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी घेऊन १९१८ साली स्वदेशी कॅमेरा तयार केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसा उभा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी सुरू झाली. १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचे काम पुरुषाने केले होते, ‘सैरंध्री’त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविले. पुढे १९२५ चा ‘सावकारी पाश’. त्याचा विषय आपल्या पेठेला थोडा बोचलाही असेल! याच कंपनीत तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम प्रभृतींनी १९२९ मध्ये येथेच ‘प्रभात’ची स्थापना केली.

आनंदरावांना यातले काहीच पाहता आले नाही. तरीही त्यांचा वाटा बुडाला असे मला वाटत नाही. बेत केवळ मनात ठेवला असता, तर तो त्यांच्याबरोबरच गेला असता. त्यांनी हात घातला होता, म्हणून मागे अर्धवट का होईना काम उरले आणि भावाला ते उचलता आले.

फाळक्यांनी तर विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली लंडन गाठले होते, तेही चाळिशी उलटल्यावर. आपल्या पश्चात घराला उपयोगी पडावी म्हणून केलेली तरतूद त्यांनी हयातीतच स्वप्नासाठी वापरली. पत्नी सरस्वतीबाई भक्कमपणे पाठीशी होत्या, म्हणून निभावले. हा मार्ग मी कोणालाही सुचविणार नाही. मेस्त्री बंधूंची रीत आपल्या व्यापारी पिंडाला अधिक मानवणारी आहे.

स्वतःविषयी थोडे सांगतो. आमच्या दुकानाच्या माळ्यावर आजोबांच्या काळातील खतावण्या लाल फडक्यात बांधून ठेवलेल्या आहेत. सर्व मोडीत. आमच्या पिढीला शाळेत मोडी शिकविली गेली नाही. त्या वाचाव्यात ही इच्छा मात्र लहानपणापासूनची. आजोबांच्या हाताखाली उमेदवारी केलेले आमचे दिवाणजी आता नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांची दृष्टी मंदावत चालली आहे. मोतीबिंदू असता तर शस्त्रक्रियेने भागले असते. हा डोळ्याच्या पडद्याचा विकार, आणि गेलेली नजर परत येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. ते ऐकले त्याच आठवड्यात, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, मी बोरू हातात घेतला. दुकान आहे, जीएसटीची विवरणपत्रे आहेत, सारे तसेच चालू आहे. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जायची. पहिले चार महिने माझी रेघच सरळ येत नव्हती.

वर्षभराने एक नोंद मला स्वतःला लागली. एका विधवा बाईच्या नावे दोन लुगडी उधार, आणि पुढे आजोबांच्या हातचे दोन शब्द: ‘मागू नये’. बीकॉमला बुडीत कर्जाचे खाते कसे मांडावे हे मी शिकलो होतो. हा शेरा कोठेच शिकलो नव्हतो. दिवाणजींना वाचून दाखविला, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी त्या बाईंचे घर कोणत्या बोळात होते ते सांगितले. ती माहिती कोणत्याही खतावणीत नाही.

अशा चोपड्या या सभागृहातील अनेकांच्या माळ्यांवर असतील. मोठ्या भिंगातून अक्षर दिसते आहे तोवर शिकवीन, असे दिवाणजींनी कबूल केले आहे. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सकाळी दहा ते बारा आम्ही पाच जण दुकानाच्या माडीवर बसतो. आणखी सहा-सात जणांची बैठक सहज होईल. येताना घरची एखादी चोपडी झटकून घेऊन या. बोरू आणि शाई माझ्याकडे आहे.

जय जिनेंद्र.